पुढच्या वर्षी बघू

यंदाच्या एप्रिलअखेर वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून आम्ही जरा निवांत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा होता. दिव्यांग मुलांसाठी पाच दिवसांचं उन्हाळी शिबिर ठरलं होतं, दापोलीकडच्या एका किनारी गावात. मुलं सव्वीस, स्वयंसेवक मात्र कमी पडत होते. "तुम्ही दोघं याल का? मुलांपैकी सात जण मुस्लिम घरांतली आहेत, घरी दखनी बोलतात. तुम्ही असलात तर त्यांच्या आयांनाही धीर येईल."

आम्ही दोघं म्हणजे नवरा-बायको. दोघंही चाळिशी ओलांडलेले, बी.एड. झालेले, कृष्णाकाठच्या एका गावातल्या एकाच शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारे. मुलं आम्हाला सर आणि आपा म्हणतात. इथेही तसंच लिहितो, म्हणजे कोण काय बोललं ते वाचकांना कळेल.

हो म्हणताना मनात काय होतं, तेही सांगून टाकतो. सवाब मिळेल, सुट्टी सत्कारणी लागेल, मुलांना चार गोष्टी शिकवता येतील. आणि थोडं असंही, की परतल्यावर लोक म्हणतील, पाहा, सर-आपांनी सुट्टीतसुद्धा खिदमत केली. नियत अगदी साफ होती असं म्हणवत नाही.

आमची दोन्ही मुलं नानीकडे सोडली. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग खेड, मग दापोली. घाट उतरताना गाडीत एक मुलगा सारखं विचारत होता, "समुद्र आला का?" त्याच्या आईने चिपळूणपर्यंत तीसेक वेळा तरी न वैतागता सांगितलं, "नाही बेटा, अजून वेळ आहे." वर्गात तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला की आमचा आवाज चढतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

मुक्काम एका शाळेत होता. सुट्टीमुळे वर्ग रिकामे, बाक एका बाजूला रचलेले, खाली गाद्या. सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. शिबिर चालवणाऱ्या ताई स्वतः सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या आई. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हा स्वयंसेवकांना गोल बसवलं आणि सांगितलं, "पहिला नियम. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. व्हीलचेअर ढकलायची असली तरी आधी विचारायचं. ती खुर्ची म्हणजे त्या मुलाचे पाय आहेत. तुमचे पाय कुणी न विचारता उचलले तर चालेल का?"

मग एकेक गोष्ट. न दिसणाऱ्या मुलाचा हात धरून ओढायचं नाही. त्याला आपलं कोपर धरू द्यायचं, आपण अर्धं पाऊल पुढे राहायचं आणि पायरी आली की सांगायचं. ऐकू न येणाऱ्या मुलाशी बोलताना तोंड त्याच्याकडे हवं, उजेड आपल्या चेहऱ्यावर हवा. कुणाला फिट आली तर कांदा हुंगवायचा नाही, चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही. मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं सामान दूर करायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. आमच्या मोहल्ल्यात फिट आली की पहिली धाव चपलेकडे असते. आम्हीही ती आणून दिलेली आहे.

बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्रात अपवादात्मक बालकांवर एक प्रकरण होतं. आम्ही ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळाले होते. त्या गोलात बसल्यावर कळलं की त्यातलं काहीच हातात उतरलेलं नाही.

त्याच संध्याकाळी प्रत्येकाने गळ्यात अडकवायच्या पाटीवर एका पक्ष्याचं नाव लिहिलं. पाच दिवस त्याच नावाने हाक मारायची. ताई म्हणाल्या, "यातल्या बऱ्याच मुलांना गावात नावाने कुणी बोलावत नाही. ए लंगडी, ए मुक्या, हेच ऐकत वाढलीत. इथे त्यांचं नाव त्यांनी निवडायचं." उंच आणि पांढऱ्या कपड्यांतले म्हणून मुलांनी सरांना बगळा केलं. पिलांमागे धावणारी म्हणून आपांना कोंबडी. आम्हीही इथे मुलांची तीच नावं घेतो. खरी नावं त्यांची त्यांच्यापाशी.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या चुका सुरू झाल्या.

चिमणी नऊ वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे तिला स्वतः जेवता येत नाही. आपा उभ्या राहून मोठमोठे घास भरवू लागल्या, घरी आमच्या धाकट्याला भरवायच्या तसे. तिसऱ्याच घासाला तिला जोराचा ठसका लागला. ताई शांतपणे आल्या. "खाली बसा, तिच्या डोळ्यांसमोर. तुम्ही उभ्या राहिलात की तिला मान वर करावी लागते आणि घास श्वासनलिकेकडे जातो. मान किंचित पुढे, घास लहान, आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही." त्या दुपारी वाटीभर मऊ वरणभात संपायला पन्नास मिनिटं लागली. चिमणीची आई नऊ वर्षं, दिवसातून तीन वेळा, हे करते आहे. लग्नाच्या दावतीत ती मुलीला घेऊन कोपऱ्यात का बसते आणि सर्वांच्या शेवटी का जेवते, ते आपांना त्या पन्नास मिनिटांत समजलं.

राघू बारा वर्षांचा, स्वमग्न. भिंतीवर त्याच्यासाठी चित्रांचं वेळापत्रक लावलेलं असे. दात घासणं, न्याहारी, समुद्र, आंघोळ, जेवण. एका सकाळी भरतीमुळे समुद्रावर जाणं तासभर पुढे ढकललं, पण चित्र बदलायचं राहून गेलं. राघू किंचाळू लागला, कानांवर हात दाबून गोल फिरू लागला. सरांनी वीस वर्षांचा कमावलेला वर्गातला आवाज काढला, "गप्प बस!" तो आणखी जोरात किंचाळला. तेवढ्यात एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने समुद्राचं चित्र काढून खाली लावलं, त्या जागी रंगकामाचं लावलं आणि बोटाने दाखवलं. आधी हे, मग ते. दोन-तीन मिनिटांत तो शांत झाला. सर रात्री म्हणाले, "अशी मुलं आम्ही वर्गाबाहेर उभी केली आहेत. मस्तीखोर म्हणून." आपा काही बोलल्या नाहीत. बाहेर उभं करणाऱ्यांत त्याही होत्या.

टिटवीला ऐकू येत नाही. तिने आम्हाला टाळ्या वाजवायला नव्याने शिकवलं. दोन्ही हात वर करून तळवे हलवायचे. शेवटच्या रात्री गाण्या-नाचाचा कार्यक्रम झाला तेव्हा सगळं अंगण असे हात हलवत होतं. आवाज नसल्यामुळे राघूही शेवटपर्यंत बसून राहिला.

आता खंड्याबद्दल. वय चौदा, जन्मापासून दिसत नाही. अंधशाळेत राहून ब्रेल शिकतो. फजरला आम्ही उठलो तर हा आमच्या आधी वजू करून ओट्यावर बसलेला. जागा नवी म्हणून सर त्याला किब्ल्याकडे वळवायला गेले, तर म्हणाला, "सर, समुद्राचा आवाज येतो तिकडेच ना?"

खरंच की. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला आणि किब्लाही तिकडेच. आदल्या दिवशी आम्ही मोबाईलवर दिशा शोधत बसलो होतो. नमाज झाल्यावर त्याला विचारलं, गावी मशिदीत जातोस का. तो हसला. "जातो. जुम्म्याला बाहेर पडलो की कुणीतरी हातात दहाची नोट ठेवतं. मी म्हणतो, चाचा, मी नमाजला आलोय. तर म्हणतात, ठेव बेटा, दुआ कर. मग मी ती नोट मशिदीच्याच पेटीत टाकतो." थोडं थांबून म्हणाला, "मला अजान द्यायची आहे. आवाज चांगला आहे माझा. पण ते म्हणतात, तुला वेळ कशी कळणार."

त्याच्या मनगटावर बोलणारं घड्याळ होतं. बटण दाबलं की वेळ सांगतं.

अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (र.) यांचा किस्सा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेला असतो. आम्ही तर तो वर्गात सांगतो. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना हे दृष्टिहीन सहाबी काही विचारायला आले, त्या वेळी त्यांच्याकडे लक्ष दिलं गेलं नाही, आणि त्यावरून कुरआनची ऐंशीवी सूरह, सूरह अबस, उतरली. पुढे हेच सहाबी मदिन्यात फजरची अजान देत. प्रेषित (स.) प्रवासाला गेले असता मदिन्याचा कारभारही त्यांच्याकडे सोपवला गेला होता. हा किस्सा सांगून आम्ही मुलांना विचारतो, यातून काय शिकलात? मुलं बरोबर उत्तर देतात. आम्ही पुढच्या धड्याकडे वळतो. खंड्याशेजारी ओट्यावर बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, तो प्रश्न आधी आम्ही स्वतःला विचारायला हवा होता.

चौथ्या दिवशी सगळ्या मुलांना पाण्यात न्यायचं होतं. ओल्या वाळूवर व्हीलचेअर चालते, पण सुरूच्या झाडांपासून ओल्या वाळूपर्यंतचा कोरडा पट्टा अवघड. पुढची लहान चाकं रुततात आणि खुर्ची पुढे कलंडते. कोळीवाड्यातल्या लोकांनी फळ्या दिल्या, त्या ओळीने टाकल्या. जिथे फळ्या संपल्या तिथे खुर्ची उलटी फिरवून मागे ओढायची. मोठी चाकं आधी गेली की रुतत नाहीत. अंगाला घाम, तोंडात वाळू, आणि कडेला गावची पोरं येऊन हात लावत होती. त्यांनीही आधी विचारलं, "धरू का?" ताईंचा नियम दोन दिवसांत गावातही पोचला होता.

आमच्याकडे मैना होती. पंधरा वर्षांची. तिचं बोलणं पटकन समजत नाही. आम्ही पहिले दोन दिवस सगळं तिच्या आईलाच विचारत होतो. तिला पाणी हवं का? तिला ऊन लागतंय का? तिसऱ्या दिवशी तिची आई हसून म्हणाली, "आपा, उसकोच पूछो ना. उसको सब समजता." तेव्हापासून आम्ही मैनालाच विचारू लागलो आणि उत्तर येईपर्यंत थांबायला शिकलो. मग कळलं की धाकट्या भावाच्या पुस्तकांवरून ती घरीच उर्दू वाचायला शिकली आहे. शाळेत ती एक दिवसही गेलेली नाही.

गुडघाभर पाण्यात खुर्ची उभी केली. लाट आली आणि तिच्या मांडीपर्यंत भिजवून गेली. मैना एवढ्या मोठ्याने हसली की बाजूचे सगळे हसले. थोड्या वेळाने ती आमच्याकडे वळली आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "तुमच्या... शाळेला... किती पायऱ्या आहेत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एकोणीस वर्षं आम्ही त्या पायऱ्या रोज चढतो. किती आहेत ते आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

मैनाने सहज विचारलं होतं. पण आम्हाला दुसरीच एक मुलगी आठवली.

२०१६च्या जूनमध्ये आम्ही दोघं प्रवेशाच्या टेबलावर बसलो होतो. एक बाई सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीचे पाय ताठ, मान एका बाजूला, डोळे मात्र टेबलावरच्या रंगीत तक्त्याकडे लागलेले. आई म्हणाली, "इसको बिठाव वर्ग में. मैं बाहर बैठती." आम्ही तिला प्रेमानेच समजावलं. पायऱ्या आहेत. वर्गात साठ मुलं आहेत, धक्काबुक्की होईल. तुमच्या मुलीच्याच भल्यासाठी सांगतो. पुढच्या वर्षी बघू.

२०१७च्या जूनमध्ये ती पुन्हा आली. आम्ही पुन्हा म्हणालो, पुढच्या वर्षी बघू.

२०१८ साली ती आली नाही. आमच्या लक्षातही आलं नाही.

आज कळतं की त्या दोन्ही वेळा आम्ही बेकायदा वागलो. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन दिव्यांग मुलांचा त्यात स्पष्ट उल्लेख झाला होता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६च्या डिसेंबरात झाला आणि १९ एप्रिल २०१७ला लागू झाला. त्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मानलं आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. ती बाई दुसऱ्यांदा आली तेव्हा हा कायदा लागू होऊन दोन महिने झाले होते. ती हक्क मागत होती आणि आम्ही तिला सबुरीचा सल्ला देत होतो. कायदा माहीत नव्हता हे खरं. पण माहीत करून घ्यावंसं वाटलं नाही, हेही खरं.

त्या रात्री मुलं झोपल्यावर आया अंगणात बसल्या होत्या. तिथे मराठी, दखनी, कोकणी सगळं एकात एक मिसळत होतं. एकीने कुठल्या दर्ग्यावर किती धागे बांधले ते सांगितलं, दुसरीने किती देव पालथे घातले ते. कुणाच्या सासूने म्हटलं होतं, हा तुझ्या गुनाहाचा बदला. कुणाच्या नवऱ्याने घर सोडलं होतं. एक आई म्हणाली, "लोक म्हणतात, अल्लाह ने तुम को चुन के दिया, जन्नत मिलेगी. मैं बोलती, जन्नत जब मिलेगी तब मिलेगी, आज दो घंटे कोई इसको संभालो, मेरे को दात के डॉक्टर के पास जाना है." सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण आपांनी आठवून पाहिलं, चुन के दिया हे वाक्य त्यांनी स्वतः किती घरी जाऊन म्हटलं होतं. दोन तास मूल सांभाळायला त्या एकदाही गेल्या नव्हत्या.

पाचव्या दिवशी परत निघालो. मैनाने निरोप घेताना सरांना आठवण केली, "पायऱ्या... मोजून सांगा."

गावी पोचलो त्या संध्याकाळी, सामानही न सोडता, आम्ही शाळेत गेलो. पायऱ्या मोजल्या. सात. प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे एकूण साडेतीन फूट. रॅम्पला दर एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी हवी, नाहीतर खुर्ची सुटते. म्हणजे बेचाळीस फुटांचा रॅम्प. शाळेपुढे तर रस्त्यापर्यंत वीसच फूट जागा. आम्ही निराश होऊन पायरीवर बसलो. खरं म्हणजे थोडं हायसंही वाटलं. पाहा, तेव्हाही शक्यच नव्हतं.

मग आपा म्हणाल्या, "मागचं दार?"

शाळेच्या मागे, पोषण आहाराची खिचडी शिजते त्या खोलीशेजारी एक दार आहे. त्यातून तांदळाची पोती आत येतात. तिथे दोनच पायऱ्या, मिळून एक फूट. बारा फुटांचा रॅम्प पुरेल आणि मागच्या अंगणात तेवढी जागा आहे. दाराची रुंदी मोजली, तीन फूट. व्हीलचेअर आरामात आत जाते. त्या दारातून आत आलं की तळमजल्यावरचे तीन वर्ग आणि एकही पायरी नाही.

ते दार २०१६ सालीही तिथेच होतं. पोती आत येत होती.

मुख्याध्यापकांना भेटलो. ते आधी "अर्ज करा, वरून मंजुरी येऊ द्या" म्हणाले, मग स्वतःच मागे येऊन उभे राहिले, पाहिलं, आणि म्हणाले, "एवढंच होतं होय?" माजी विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत पैसे जमवले. मिस्त्री आमचाच जुना विद्यार्थी. त्याने मजुरी घेतली नाही. शाळा उघडायच्या आधी रॅम्प तयार झाला. मैनाच्या आईला फोन करून सांगितलं, "सात पायऱ्या, पण मागून एकही नाही." पलीकडून मैनाचं हसू ऐकू आलं. तिचं गाव आमच्यापासून लांब आहे. तिथल्या शाळेच्या पायऱ्या आता तिची आई मोजणार आहे.

एक काम राहिलं होतं. ते शेवटी ठेवलं, कारण तेच सर्वांत जड होतं.

त्या बाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. आमच्या शाळेपासून चार गल्ल्या. नऊ वर्षं एवढ्या अंतरावर राहून आम्ही एकदाही गेलो नव्हतो. दार तिनेच उघडलं. ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "आओ सर, आओ आपा." खुर्च्या पुसून दिल्या. मुलगी आता सोळा वर्षांची. खिडकीशेजारच्या पलंगावर बसून ती बाहेरच्या रस्त्याकडे बघत होती. ताईंचा नियम आठवून आम्ही आधी तिलाच सलाम केला. तिने मान हलवली.

माफी कशी मागायची याची तयारी करून गेलो होतो, पण शब्द नीट जुळले नाहीत. सर म्हणाले, "तेव्हा आमचं चुकलं." आपा म्हणाल्या, "कायदा तुमच्या बाजूने होता आणि आम्ही तुम्हाला परत पाठवलं." मग घाईघाईने बाकीचं सांगितलं. रॅम्प झाला आहे. मुलीचा अठरापर्यंत हक्क आहे. मुक्त विद्यालयातून पाचवीची परीक्षा देता येते, मग आठवीची, मग दहावीची. आम्ही दोघं शिकवू. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड नसेल तर अर्ज भरायला सोबत येऊ.

ती ऐकून घेत होती. चहा ठेवून आली. मग म्हणाली, "अब क्या सिकाते सर, सोला की हो गई वो." आम्ही गप्प. थोड्या वेळाने तिने विचारलं, "और बाथरूम?"

आम्ही पुन्हा एकमेकांकडे पाहिलं. मुलींचं स्वच्छतागृह मागच्या अंगणाच्या टोकाला आहे. अरुंद दार, उंबरठा, खाली बसायचं भांडं, धरायला काही नाही. रॅम्प मोजला, दार मोजलं, पण हे आमच्या मनातही आलं नव्हतं. तिच्या मनात ते पहिल्याच दिवशी आलं असणार. २०१६ सालीसुद्धा "मैं बाहर बैठती" असं ती म्हणाली होती, ते याचसाठी असेल.

"तेही करू," सर म्हणाले.

"कधी? पुढच्या वर्षी?"

हे मात्र तिने मराठीत विचारलं. आमचेच शब्द होते, आमच्याच भाषेत. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"याच महिन्यात," आपा म्हणाल्या.

ती उठली, कप उचलले. पलंगाकडे पाहून मुलीला म्हणाली, "जाती क्या गे?" मुलीने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. उत्तर आलं नाही. थांबायला आम्ही आता शिकलो होतो, पण ते उत्तर त्या दिवशी यायचं नव्हतं. निघताना दारात आई म्हणाली, "बघू."

घरी येताना सर म्हणाले, "बरोबर आहे. आता बघू म्हणायची पाळी त्यांची आहे."

२०११च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. एवढ्या माणसांतली काही आपल्याच मोहल्ल्यात आहेत. पण ती मशिदीत दिसत नाहीत, दावतीत दिसत नाहीत, शाळेत दिसत नाहीत, आणि आपल्याला वाटतं की ती नाहीतच. हे वाचणाऱ्या प्रत्येक घरातल्या माणसांनी एवढं तरी करावं. आपल्या शाळेच्या, मशिदीच्या, घराच्या पायऱ्या मोजाव्यात. आणि ज्या घरात असं मूल आहे तिथे दुआ घेऊन जाताना दोन तासांचा वेळही घेऊन जावा.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम गेल्या आठवड्यात पुरं झालं. उंबरठा काढला, दार रुंद केलं, कमोड बसवला, दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी दांड्या लावल्या. आपा स्वतः खुर्ची घेऊन आत जाऊन वळवून पाहून आल्या. आम्ही त्या घरी निरोप दिला आहे. अजून कुणी आलेलं नाही. मागचं दार रोज सकाळी दहाला आम्ही उघडतो आणि शाळा सुटेपर्यंत उघडं ठेवतो.